क्लास निवडण्याआधी पर्याय मोजायला शिका

आमच्या फोंड्याच्या घरी, बलकांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर), दर शनिवारी संध्याकाळी पाच-सहा जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा, एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ खेळायला बसतात. डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, मी असते. पावसाळ्यात नवी माणसं जास्त येतात. कुणीतरी मित्राच्या मागोमाग छत्री झटकत आत येतं, वीस बाजूंचा फासा हातात घेऊन बघतं आणि चहा येईपर्यंत विचारतं, "सगळ्यात जास्त गोष्टी कुठल्या क्लासला करता येतात?"

क्लास म्हणजे आपल्या पात्राचा प्रकार: लढणारा फायटर, जादू करणारा विझार्ड, वगैरे. प्रश्न अगदी रास्त आहे. हा खेळ आवडायचं कारणच ते असतं, की आपल्याला काहीतरी ठरवायला मिळतं. अडचण मोजण्यात होते. बहुतेक जण पुस्तकात कुठल्या क्लासला जास्त पानं दिलीत ते बघतात आणि विझार्ड घेतात. माझ्या भाच्यानंही तेच केलं. पहिल्या लेव्हलच्या विझार्डच्या यादीत तीस स्पेल (मंत्र) आहेत, त्यातले सहा आपल्या स्पेलबुकात घ्यायचे. त्यानं बर्निंग हँड्स, क्रोमॅटिक ऑर्ब, मॅजिक मिसाईल, रे ऑफ सिकनेस, थंडरवेव्ह आणि विच बोल्ट घेतले. पहिल्याच लढाईत त्याचे दोन स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या मोजक्या संधी, दोन टर्नमध्ये संपले. पुढचे पाच राऊंड तो फायर बोल्ट हा स्लॉट न लागणारा स्पेल टाकत राहिला. रात्री पानं आवरताना म्हणाला, "मावशी, वहीत सहा स्पेल आहेत, पण मी सगळा वेळ एकच गोष्ट करत होतो." त्याच्या शेजारी बसलेली, पहिल्यांदाच खेळणारी मुलगी फायटर होती. तिनं एकाला मिठी मारून पाडलं, दार अडवून धरलं, जखमी सोबत्यापुढे ढाल घेऊन उभी राहिली. तिच्या कॅरेक्टर शीटवर मात्र यातलं फारसं काही लिहिलेलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी नव्या माणसाला मोजायची एक पद्धत शिकवते. एक कागद, एक पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो.

पहिली पायरी: कुठलं पुस्तक ते ठरवा

आकडे आवृत्तीनुसार बदलतात. या लेखातले आकडे मी पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकातून घेते, कारण आमच्या टेबलावर तेच चालतं. त्यात बारा क्लास आहेत आणि सबक्लास (क्लासच्या उपशाखा) मिळून चाळीस, पण वाटणी फार विषम आहे. विझार्डला आठ, क्लेरिकला सात, आणि बार्बेरियन, बार्ड, ड्रुइड, रेंजर, सॉर्सररला प्रत्येकी फक्त दोन. उरलेल्या पाचांना तीन-तीन. २०२४ च्या नव्या हँडबुकात ही विषमता काढून टाकली आहे. तिथे प्रत्येक क्लासला चार, एकूण अठ्ठेचाळीस.

फुकट मिळणाऱ्या नियमपत्रावरून मोजणार असाल तर एक काळजी घ्या. ते एसआरडी जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळं आहे, पण त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास दिला आहे. फायटरचा दिलाय तो चॅम्पियन. तो मिळाला की एकोणीस आणि वीस दोन्हींवर क्रिटिकल (जास्त जोराचा घाव) लागतो, पण ठरवायला तो नवं काही देत नाही. बॅटल मास्टर हा फायटरचा दुसरा सबक्लास त्या कागदात नाहीच. फक्त तेवढंच वाचून "फायटरला काही पर्याय नसतात" म्हणणारे मला दरवर्षी भेटतात, आणि त्यांचा दोष नसतो. त्यांना अर्धाच फायटर दिसलेला असतो.

दुसरी पायरी: तीन रकाने आखा

कागदावर उभ्या दोन रेघा मारा. पहिल्या रकान्यावर लिहा "एकदाच", दुसऱ्यावर "सकाळी", तिसऱ्यावर "टर्नला". कुठलाही पर्याय दिसला की तो यातल्या कुठल्या वेळी निवडायचा असतो ते बघून त्या रकान्यात टाका. सगळे पर्याय एकाच ढिगात घातले की विझार्ड जिंकतो. वेगळे केले की चित्र पालटतं.

"एकदाच" म्हणजे कॅरेक्टर बनवताना किंवा लेव्हल चढताना. फायटिंग स्टाईल, स्किल, सबक्लास, फीट (एखादी खास हातोटी) हे सगळं इथे. या रकान्यात मोठे आकडे सहज तयार होतात. तीस स्पेलमधून सहा निवडायचे तर ५,९३,७७५ वेगवेगळे गट होतात. फायटरला सहा स्टाईलपैकी एक आणि आठ स्किलपैकी दोन, म्हणजे १६८. रोगला अकरा स्किलपैकी चार, म्हणजे ३३०, आणि त्यातल्या दोहोंत एक्सपर्टीज (दुप्पट प्रावीण्य) घ्यायची ते वेगळंच. हे गणित मला स्वतःला फार आवडतं, पण नव्या माणसानं त्यावर क्लास ठरवू नये. निवड झाली की त्या साडेपाच लाखांवर गटांतला एकच तुमच्या हातात राहतो.

या रकान्यात फायटरची एक बाजू मात्र नक्की लिहा. बाकीच्या दहा क्लासना वीस लेव्हलमध्ये पाच वेळा गुण वाढवायची किंवा त्याऐवजी फीट घ्यायची संधी मिळते. रोगला सहा वेळा आणि फायटरला सात वेळा मिळते. फीट वापरू देणाऱ्या टेबलावर हा फरक सातव्या-आठव्या लेव्हलपासून चांगलाच जाणवतो.

तिसरी पायरी: सकाळचा रकाना

इथे जरा थांबते, कारण नव्या खेळाडूंचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. सगळे जादूवाले सारखे वाटतात, आणि ते मुळीच सारखे नसतात.

आपल्याकडे मे महिन्यात पुरुमेंत भरतात. सुकी मासळी, सोलं, चिंच, मिरच्या, मीठ, कुळीथ, पाऊस लागायच्या आत सगळं डब्यांत. मग जुलैत सकाळी उठून त्या डब्यांतलंच काय काढायचं ते ठरतं. विझार्डचं स्पेलबुक म्हणजे पुरुमेंत. सुरुवातीला सहा स्पेल, मग प्रत्येक लेव्हलला दोन, वीसाव्या लेव्हलला स्वतःचे चव्वेचाळीस. वाटेत दुसऱ्या विझार्डची वही किंवा स्क्रोल मिळाला तर उतरवून घेता येतं, पण स्पेलच्या (त्यांनाही स्वतःची लेव्हल असते) दर लेव्हलमागे दोन तास आणि पन्नास सोन्याची नाणी लागतात. रोज सकाळी या साठ्यातून इंटेलिजन्स या गुणाचा बोनस अधिक विझार्डची लेव्हल एवढे स्पेल तयार करायचे. पहिल्या लेव्हलला बोनस तीन असेल तर चार.

क्लेरिक आणि ड्रुइडला पुरुमेंत लागत नाही. त्यांच्यासाठी रोज सकाळी म्हापशाचा अख्खा बाजार उघडा. क्लेरिकच्या यादीत पहिल्या लेव्हलचे पंधराच स्पेल आहेत, विझार्डच्या निम्मे. पण ते पंधराच्या पंधरा त्याचे आहेत. आज चार घेतले, उद्या दुसरे चार घ्यावे, चुकलं तर रात्र झोपून काढावी. शिवाय डोमेनचे (क्लेरिकच्या सबक्लासचे) दोन स्पेल आपोआप तयार असतात आणि मोजणीत धरले जात नाहीत. चुका करत करत शिकणाऱ्या माणसाला याच्याइतका क्षमाशील जादूवाला दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. पॅलाडिनही असाच सकाळी ठरवतो, पण त्याचे स्पेल दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होतात आणि संख्येनं कमी असतात.

बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक आणि रेंजर यांचा सकाळचा रकाना कोराच राहतो. त्यांना जे येतं ते येतं. लेव्हल चढली की एखादा स्पेल बदलता येतो, तेवढंच. सॉर्सररला पहिल्या लेव्हलला दोन स्पेल येतात आणि पूर्ण वीस लेव्हल चढल्यावर पंधरा. त्याच वेळी बार्डकडे बावीस असतात. हे आकडे बघून सॉर्सरर गरीब वाटतो, पण त्याचं खरं धन पुढच्या रकान्यात आहे.

चौथी पायरी: टर्नला हातात किती?

ही मोजणी पाचव्या लेव्हलला करा. पहिल्या लेव्हलला सगळेच हात रिकामे असतात, आणि पाचव्यापर्यंत बहुतेक टेबलं पोचतात. मुख्य गुण अठरा, म्हणजे बोनस चार धरू.

विझार्डच्या वहीत चौदा स्पेल, त्यातले नऊ तयार, चार कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारे स्पेल), नऊ स्लॉट. क्लेरिकचे नऊ तयार आणि डोमेनचे सहा, म्हणजे पंधरा, वर चार कॅन्ट्रिप. पुस्तकात पातळ दिसणारा क्लेरिक इथे विझार्डच्या पुढे गेला. बार्डला आठ स्पेल आणि तीन कॅन्ट्रिप. सॉर्सररला सहा स्पेल, पाच कॅन्ट्रिप आणि मेटामॅजिकच्या (स्पेल टाकायची रीत बदलायच्या) आठ प्रकारांपैकी दोन. क्विकन आणि ट्विन घेतले असतील तर तोच स्पेल साधा टाकायचा, बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीत) टाकायचा की दोघांवर टाकायचा, असे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात. सहा स्पेल प्रत्यक्षात बारा-तेरा पर्यायांसारखे वागतात. अर्थात ट्विन फक्त एकाच लक्ष्यावर लागणाऱ्या स्पेलवर चालतो, आणि मेटामॅजिकला लागणारे पॉइंट पाचच आहेत.

वॉरलॉक वेगळीच गोष्ट आहे. सहा स्पेल येतात पण स्लॉट दोनच. ते दोन्ही तिसऱ्या लेव्हलचे, आणि तासाभराची छोटी विश्रांती घेतली की परत मिळतात. त्याची खरी निवड इन्व्होकेशनमध्ये, म्हणजे कायम सोबत राहणाऱ्या खास शक्तींमध्ये, असते. यादीत बत्तीस, पाचव्या लेव्हलला हातात तीन. ज्यांना कॅरेक्टर बनवण्यात मजा येते पण लढाईत फार विचार करायचा नसतो, त्यांना मी वॉरलॉक सुचवते.

आता तलवारवाले. बॅटल मास्टर फायटरला सोळा मॅन्युव्हरपैकी (लढाईतल्या डावांपैकी) तीन येतात, ते चालवायला चार आठ-बाजूंचे फासे. टर्नला दोन हल्ले, आणि प्रत्येक हल्ल्याला "पाडू, ढकलू, घाबरवू, की फासा राखून ठेवू" हा प्रश्न. पॅलाडिनला प्रत्येक घाव लागल्यावर स्माईटसाठी (जादा इजेसाठी) स्लॉट जाळायचा की नाही ते ठरवावं लागतं, आणि ले ऑन हँड्सचे (हात लावून बरं करायचे) पंचवीस गुण कुणाला किती द्यायचे तेही. मंकचे पाच 'की' पॉइंट (त्याच्या आतल्या शक्तीचे) फ्लरी (जादा ठोसे), बचाव, धाव आणि स्टनिंग स्ट्राईक यांत वाटायचे. रोगला कनिंग ॲक्शनमुळे दर टर्नला धावणं, निसटणं, लपणं यांतलं एक बोनस ॲक्शनमध्ये मिळतं, आणि ते कधी संपत नाही. जादूवाल्याचा पर्याय वापरला की जातो, रोगचा रात्रभर टिकतो. मोजताना न संपणाऱ्या पर्यायाखाली रेघ ओढा.

दुसऱ्याच्या टर्नला येणारे पर्यायही धरा. शील्ड स्पेल, मॅन्युव्हरमधले पॅरी आणि रिपोस्ट, रोगचा अनकॅनी डॉज. टेबलावर आपली टर्न येईपर्यंत कंटाळणाऱ्या माणसाला हे फार उपयोगी.

पाचवी पायरी: नावं खोडा, कामं लिहा

आता पेन्सिल उलटी धरा. प्रत्येक पर्यायासमोर एका शब्दात त्याचं काम लिहा: इजा, अडवणं, बरं करणं, हालचाल, माहिती, संरक्षण, मदत. एकाच कामाचे चार पर्याय असतील तर तो एकच मोजा. भाच्याचे सहा स्पेल असे लिहिले तेव्हा सहा ओळींत "इजा" हाच शब्द आला. थंडरवेव्ह ढकलतो म्हणून त्याला अर्धा गुण जास्त दिला.

मग आम्ही दोघांनी बसून वही नव्यानं भरली. स्लीप, शील्ड, मेज आर्मर, मॅजिक मिसाईल, डिटेक्ट मॅजिक, फाइंड फॅमिलिअर (सोबतीला छोटा प्राणी बोलावणारा). तयार करता येतात चारच, पण डिटेक्ट मॅजिक आणि फाइंड फॅमिलिअर हे रिच्युअल आहेत. विझार्डला रिच्युअल वहीत असला तरी पुरतो, तयार करावा लागत नाही आणि स्लॉटही जात नाही, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात. म्हणजे चार तयार, दोन रिच्युअल, सहाचे सहा हाताशी, आणि कामं पाच प्रकारची. तोच क्लास, तीच लेव्हल, तीच संख्या. फॅमिलिअरला मात्र दहा सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळाव्या लागतात, तेवढे पैसे राखून ठेवा.

याच पायरीत कॉन्सन्ट्रेशनचं चिन्ह शोधा. क्लेरिकचे ब्लेस, बेन, शील्ड ऑफ फेथ तिन्हींना कॉन्सन्ट्रेशन लागतं. एक चालू असताना दुसरा सुरू केला की पहिला संपतो. हे तीन पर्याय एकत्र कधीच हातात नसतात. त्यांच्याभोवती एक गोल काढा आणि एकच मोजा. सकाळी तयारी करताना अशा गोलातला एखादाच घेतला तर बाकीच्या जागा हीलिंग वर्ड किंवा गायडिंग बोल्टला मिळतात.

सहावी पायरी: सगळ्यांच्या कागदावर दहा ओळी

कुठलाही क्लास असो, लढाईत दहा ॲक्शन सगळ्यांना खुल्या असतात: हल्ला, स्पेल टाकणं, धावणं, निसटणं, चुकवणं, मदत, लपणं, तयारीत थांबणं, शोधणं, वस्तू वापरणं. स्पेल नसणाऱ्याला नऊ. हल्ल्याच्या ऐवजी पकडणं आणि ढकलणं हेही होतं. कॅरेक्टर शीटवर या छापलेल्या नसतात, म्हणून नव्या माणसाला त्या दिसतच नाहीत. माझी कळकळीची विनंती आहे, शीटच्या मागे स्वतःच्या हातानं या दहा ओळी लिहा. त्या फायटर मुलीनं पहिल्या रात्री जे जे केलं ते या यादीतलं होतं. तिला नियम माहीत नव्हते, तिनं फक्त "मी हे करू शकते का?" असं विचारलं होतं.

हा असमतोल जुना आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी खेळ आणला तेव्हा क्लास तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. स्पेलची यादी शेवटच्या दोघांकडेच होती. २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं सगळ्यांना एका मापात बसवून पाहिलं. पहिल्या लेव्हलला कुठल्याही क्लासला हवे तेव्हा वापरायचे दोन, लढाईत एकदा वापरायचा एक आणि दिवसातून एकदाचा एक. मोजायला सोपं, पण बऱ्याच खेळाडूंना सगळे क्लास एकाच साच्यातले वाटले. २०१४ ला पुन्हा वेगवेगळी मापं आली. २०२४ मध्ये तलवारवाल्यांना वेपन मास्टरीच्या (हत्यारागणिक खास डावांच्या) आठ प्रकारांची भर मिळाली आहे, आणि ती मला योग्य वाटते. तुमच्या टेबलावर ते पुस्तक चालत असेल तर फायटरच्या टर्नच्या रकान्यात पहिल्या लेव्हलपासून तीन ओळी वाढवा.

सातवी पायरी: कागद वाचा

तीन रकाने भरले की बेरीज करू नका. कुठल्या रकान्यात तुम्हाला निवडायला आवडतं ते बघा. घरी शांतपणे बसून विचार करणाऱ्याला "एकदाच" भरलेला क्लास शोभतो: वॉरलॉक, किंवा फीट घेणारा फायटर. आज काय घडणार याचा अंदाज बांधायला आवडत असेल तर क्लेरिक, ड्रुइड, विझार्ड. फासा हातात असताना पटकन ठरवण्यात मजा येत असेल तर बॅटल मास्टर, मंक, सॉर्सरर. आणि खूप पर्याय समोर आले की गोंधळायला होत असेल तर बार्बेरियन घ्या. रेज करायचं की नाही आणि रेकलेस हल्ला करायचा की नाही, हे दोन प्रश्न सोडवत आमच्याकडे एक काका दोन वर्षं आनंदानं खेळताहेत.

मग पहिल्या शनिवारी येताना एक काम करा. प्रत्येक पर्याय एका छोट्या कार्डावर लिहा: नाव, काम, संपतो की नाही. दहा ॲक्शनची दहा कार्डं वेगळ्या रंगात. टर्न आली की कार्डं पत्त्यांसारखी हातात धरा, वापरलेला स्लॉटवाला स्पेल पालथा ठेवा. रात्री घरी जाताना वापरलेल्या प्रत्येक कार्डावर पेन्सिलीनं एक ठिपका द्या. तीन शनिवार झाले की बिनठिपक्याची कार्डं बाजूला काढा. क्लेरिकनं दुसऱ्या दिवशी सकाळी ती बदलावी. बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉकनं पुढच्या लेव्हलला त्यातलं एक बदलावं. बॅटल मास्टरला नवे मॅन्युव्हर मिळताना एक जुना सोडता येतो, म्हणजे सातव्या लेव्हलला. विझार्डनं ते उद्या तयार न करता वहीत राहू द्यावं.

भाच्याच्या गठ्ठ्यात मॅजिक मिसाईलवर आता चार ठिपके आहेत. फाइंड फॅमिलिअरच्या कार्डावर जागाच उरलेली नाही. त्याचं घुबड हल्ला करू शकत नाही, पण मदत ही ॲक्शन त्यालाही खुली आहे. दर राऊंडला ते शत्रूच्या डोक्यावरून झेप घेतं आणि त्या फायटर मुलीला दोन फासे टाकायला मिळतात.